गाठ कुणाची?

सोयाबीनच्या मुळावरची गाठ नेमक्या कोणत्या जिवाणूनं बांधली हे जनुकीय चाचणीनं शोधावं का, आणि शोधलं तर हिंगोलीच्या शेतकऱ्याच्या हाती काय लागतं, या प्रश्नावरच्या दोन भूमिका इथे समोरासमोर ठेवल्या आहेत. संशयी कळमनुरी तालुक्यात सोयाबीनवर हरभरा घेणारा शेतकरी आहे. आग्रही सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई आहेत.

संशयी : ताई, माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो. मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात रायझोबियमचं, म्हणजे या गाठी बांधणाऱ्या जिवाणूचं, पाकीट मिळतं. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम. गुळाच्या पाण्यात कालवायचं, बियाण्याला हलक्या हातानं चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, कीटकनाशक त्याच्यानंतर, जिवाणू सगळ्यात शेवटी. हे आम्ही करतो. पुढं पस्तीस-चाळीस दिवसांनी, फुलं लागायच्या सुमाराला, चार झाडं खुरप्यानं ढेकळासकट उचलतो. हिसकून उपटलं तर गाठी मातीतच राहतात, म्हणून ढेकूळ बादलीत बुडवून माती आपोआप सुटू देतो. मग गाठ नखानं फोडतो. आत लालसर गुलाबी निघाली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती नुसती बसून खाणारी. या तपासणीला पैसा लागत नाही, आठवडा लागत नाही आणि पुण्याला नमुना पाठवावा लागत नाही. तुम्ही म्हणता, गाठीतला जिवाणू कोणत्या स्ट्रेनचा, म्हणजे एकाच जातीतल्या कोणत्या वंशाचा, ते डीएनएवरून ओळखू. जरूर ओळखा. पण त्यानं माझ्या एकरी उताऱ्यात काय फरक पडणार?

आग्रही : काका, तुमची नखाची तपासणी मला मान्य आहे. तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा. ते गाठीतला प्राणवायू बेतानं सांभाळतं, म्हणून नत्र बांधणारं एन्झाइम टिकतं. रंग दिसला म्हणजे काम चालू आहे, हे खरं. पण काम करणारा कोण, ते नखाला कळत नाही. आणि हा माझा केवळ जिज्ञासेचा प्रश्न नाही. हिशेब बघा. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिनं. प्रथिनांचा साधारण सहावा हिस्सा नत्र. म्हणजे एक क्विंटल सोयाबीन बाजारात गेलं की शेतातून सहा-साडेसहा किलो नत्र गेलं. हेक्टरी पंधरा क्विंटल पिकलं तर नव्वद किलोंच्या वर. आणि खताची शिफारस किती? हेक्टरी ३० किलो नत्र. मधली तफावत माती तरी भरते नाही तर गाठी भरतात. एवढा मोठा भार ज्याच्यावर आहे त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि डीएपीच्या पोत्यावर मात्र टक्केवारी छापलेली पाहिजे असा आपला आग्रह असतो. पाकिटातल्या जिवाणूनं गाठ बांधली असेल तर तेच पाकीट पुढच्या वर्षी घ्या. मातीतल्या जुन्या जिवाणूनं बांधली असेल तर पाकिटाचे पैसे वाया गेले. हा निवाडा नखानं होत नाही.

संशयी : डीएपीची टक्केवारी उन्हानं मरत नाही. पाकिटातला जीव मरतो. मे महिन्यात आमच्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि दुकानाचं गोदाम पत्र्याचं असतं. पाकीट कारखान्यातून निघालं तेव्हा आत कोण होतं यापेक्षा माझ्या बियाण्याला लागलं तेव्हा त्यातलं कोण जिवंत होतं, हा माझा पहिला प्रश्न आहे. कायद्यानंही हाच क्रम ठेवला आहे. खत नियंत्रण आदेश १९८५ चा. जिवाणू खतं त्यात २००६ साली आली. भुकटीच्या पाकिटात दर ग्रॅमला पाच कोटी जिवंत पेशी हव्यात, द्रवरूपात दर मिलिलिटरला दहा कोटी. भेसळ किती चालेल तेही ठरलेलं आहे. आणि पाकिटावर ज्या पिकांची नावं आहेत त्या पिकांच्या मुळांवर चांगल्या गाठी यायला हव्यात, असंही लिहिलेलं आहे. म्हणजे कायदा डोकी मोजतो आणि काम करून दाखवायला सांगतो. डीएनए मागत नाही. मला वाटतं, तो बरोबर करतो.

आग्रही : डोकी मोजायची रीत तुम्हाला जवळून सांगते, मग ठरवा. पाकिटातली भुकटी पाण्यात मिसळायची, दर पायरीला दहापट पातळ करत जायची आणि यीस्ट-मॅनिटॉलच्या आगारवर पसरायची. आगारमध्ये काँगो रेड हा लाल रंग घातलेला असतो. रायझोबियम तो रंग फारसा शोषत नाही, म्हणून त्याच्या वसाहती पांढऱ्या, चिकट, चमकदार दिसतात. पण सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम मुळात संथ. बशीत नीट दिसायला त्याला आठवडाभर लागतो. तोवर दुसरे कितीतरी जिवाणू दोन-तीन दिवसांत पसरून बसतात, आणि त्यांतलेही काही पांढरे, काही चिकट असतात. ब्रोमोथायमॉल ब्लू घातलं तर संथ वाढणारे आगार निळं करतात आणि वेगानं वाढणारे पिवळं करतात, तेवढा एक आधार. यापुढं डोळ्याची धाव संपते. एकाच जातीचे दोन स्ट्रेन, एक भरपूर नत्र देणारा आणि एक नुसता जागा अडवणारा, बशीत शेजारीशेजारी ठेवले तर तीस वर्षं हेच काम केलेल्या माणसालाही ओळखू येत नाहीत. आफ्रिकेच्या शेतीसाठी बाजारातली जिवाणू खतं गोळा करून त्यांचा डीएनए तपासला, तेव्हा कित्येक उत्पादनांत पाकिटावर लिहिलेला जिवाणू सापडलाच नाही. नुसती डोकी मोजून हे कधी उघड झालं असतं का?

आणि जवळचे दोन जिवाणू वेगळे ओळखणं किती गंभीर असू शकतं, हे मराठवाड्याला मी सांगायला नको. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला, सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा. लगेच वाद सुरू झाला की हा प्लेगच का आणखी काही. प्लेगचा यर्सिनिया पेस्टिस आणि त्याचा भाऊबंद यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस इतके जवळचे, की पहिला दुसऱ्यापासून काही हजार वर्षांपूर्वीच फुटून निघाला असं आज मानतात. एक गावंच्या गावं ओस पाडतो, दुसरा बहुधा पोटाच्या दुखण्यावर भागवतो. शेवटी हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्या साथीतल्या रुग्णांपासून आणि उंदरांपासून मिळवलेल्या जिवाणूंचा डीएनए वाचला, ठसे ताडून पाहिले आणि तो प्लेगच होता असं दाखवलं.

संशयी : किती साली दाखवलं?

आग्रही : निबंध २००० साली आला.

संशयी : म्हणजे सहा वर्षांनी. मामल्यात आणि सुरतेत डॉक्टरांनी टेट्रासायक्लिन दिलं ते डीएनएच्या निकालाची वाट बघत बसून नव्हे. माणसं ताप, काखेतली नाहीतर जांघेतली गाठ आणि थुंकी बघून वाचवली. निकाल आला तो इतिहासासाठी. मी त्याला कमी लेखत नाही; आपल्या भागावर काय ओढवलं होतं हे पक्कं कळणं हेही मोलाचं. पण उपचार आणि निवाडा या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. माझ्या शेतातही तसंच आहे. पेरणीचा निर्णय वापसा बघून दोन दिवसांत घ्यावा लागतो. तुमचा अहवाल दिवाळीला येणार.

आग्रही : पुढच्या साथीच्या वेळी तोच निवाडा काही तासांत करता यावा, याची तयारी त्या सहा वर्षांत झाली, असंही म्हणता येईल. पण तुमच्या बोलण्यातून एक मोठी गोष्ट निघते, ती मला सोडायची नाही. यर्सिनियाच्या त्या दोन जातींत १६एस नावाचं जनुक जवळजवळ एकसारखं आहे. जिवाणू ओळखायला जगभर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं जनुक हेच. त्या एकाच जनुकावर विसंबलं तर भाऊबंदांतला फरक हातातून निसटतो. खरा फरक प्लेगच्या जिवाणूकडं असलेल्या दोन जादा प्लाझमिडांत, म्हणजे डीएनएच्या सुट्या वर्तुळांत आहे. शिवाय त्याची पुष्कळ जनुकं निकामी झाली आहेत, त्यातही आहे. म्हणजे जनुकीय चाचणी ही एक चाचणी नव्हेच. कुठं बघायचं ते आधी ठरवावं लागतं. सोयाबीनच्या जिवाणूचं उदाहरण घ्या. यूएसडीए ११० हा जगातला सगळ्यात अभ्यासलेला स्ट्रेन. त्याचा सगळा डीएनए २००२ साली वाचून झाला, ९१ लाख अक्षरं. त्यात १६एस जनुक दीड हजार अक्षरांचं, म्हणजे सहा हजारांतला एक भाग. तेवढ्यावर ‘हाच तो’ म्हणणं धाडसाचं.

म्हणून इतर रीती आल्या. बॉक्स किंवा एरिक पीसीआरमध्ये जिवाणूच्या डीएनएत पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या ओळी पकडतात आणि त्यांच्यामधले तुकडे वाढवून जेलमध्ये वीज देऊन पळवतात. लहान तुकडे पुढं जातात, मोठे मागं राहतात. दिव्याखाली पट्ट्यांची एक रांग दिसते. पाकिटातल्या जिवाणूची रांग आणि गाठीतल्या जिवाणूची रांग पट्टीला पट्टी जुळली तर दोघे एकाच घरातले. या रीतीचे पहिले प्रयोग १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला झाले, आणि त्याच काळात ते रायझोबियमवरही झाले.

संशयी : आणि जुळल्या नाहीत तर? त्या काळातलीच दुसरी एक रीत होती, रॅपिड. एका प्रयोगशाळेत दिसलेली पट्टी दुसरीत दिसेलच याची खात्री नसायची. पीसीआरचं यंत्र बदललं, एन्झाइमची बाटली बदलली, की रांग बदलायची. असल्या रांगेवरून मी दुकानदाराशी भांडायला जाऊ? शिवाय गाठ फोडली की आत फक्त रायझोबियमच असतो असंही नाही. बॅसिलस, स्यूडोमोनास असे कितीतरी पाहुणे गाठीत राहतात. गाठ स्पिरिटमध्ये, ब्लीचमध्ये धुतली तरी वरचा एखादा चिकटून राहतो. तुम्ही बशीतून उचललेली वसाहत गाठ बांधणाऱ्याचीच होती हे कशावरून?

आग्रही : त्या वसाहतीचं पाणी कोऱ्या, वाफाळून निर्जंतुक केलेल्या वाळूत उगवलेल्या सोयाबीनला द्यायचं आणि गाठी येतात का बघायचं. हे शंभर वर्षांहून जुनं शहाणपण आहे आणि ते अजून सुटलेलं नाही. तुमच्या आक्षेपातला रॅपिडचा भाग मी पूर्ण मान्य करते. त्याचं उत्तर म्हणून आज सगळा डीएनए वाचतात. अक्षराला अक्षर लावून बघितलं की यंत्र कुठलं, बाटली कुठली, हा प्रश्न जवळपास संपतो.

संशयी : मग नावाचं काय? पाकिटावर वर्षानुवर्षं ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम छापतात. तुमचा तो यूएसडीए ११० सुद्धा याच नावाचा होता ना?

आग्रही : होता. २०१३ साली त्याला आणि त्याच्या जवळच्यांना ब्रॅडीरायझोबियम डायअझोएफिशियन्स अशी वेगळी जात दिली.

संशयी : जिवाणू तोच, गाठ तीच, नत्र तेवढंच, आणि नाव बदललं. मग पाकिटावरच्या नावाला मी किती किंमत द्यायची?

आग्रही : जातीच्या नावाला कमी द्या, स्ट्रेनच्या क्रमांकाला जास्त द्या. क्रमांक बदलला नाही. माझी मागणी नेमकी हीच आहे. पाकिटावर जातीचं लांबलचक नाव असतं. तिथं स्ट्रेनचा क्रमांक असावा. तो स्ट्रेन पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहासारख्या ठिकाणी ठेवलेला असावा, त्याचा वाचलेला डीएनए कुणालाही बघता यावा, आणि तपासनीसानं दुकानातून उचललेलं पाकीट त्याच्याशी ताडून बघावं. ब्राझीलकडं बघा. तिथं सोयाबीनला नत्राचं खत जवळजवळ देतच नाहीत, सगळी भिस्त जिवाणूवर. कुठले स्ट्रेन विकायचे ते सरकारनं ठरवून दिलेलं, आणि किमान पेशी दर ग्रॅमला किंवा मिलिलिटरला शंभर कोटी. आपल्या द्रवरूपाच्या मानाच्या दहापट. या कामाची ज्यांनी आयुष्यभर धुरा वाहिली त्या मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

संशयी : आता तुम्ही माझ्या बाजूचा पुरावा दिलात. ब्राझीलच्या जमिनीत सोयाबीनचा जिवाणू मुळात नव्हता. बाहेरून आणलेला लागला, म्हणून कोणता आणायचा हा प्रश्न उभा राहिला. आमच्याकडं गोष्ट वेगळी. आमची काळी जमीन चुनखडीची, सामू आठच्या आसपास, आणि तिच्यात मूग, उडीद, चवळी, तूर पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिच्यात कुणी ना कुणी आहेच. कितीतरी लोक बियाण्याला काहीच न लावता पेरतात आणि गाठी येतात.

आग्रही : तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे चाचणीनंच सांगितलं. २००८ साली भारताच्या पाच वेगवेगळ्या हवामानांच्या भागांतून सोयाबीनच्या गाठींतले पन्नास जिवाणू तपासले. १६एसच्या पुढचा दुवा, नत्र बांधणारं जनुक, गाठ बांधणारं जनुक, असं सगळं पाहिलं. अर्ध्याहून अधिक निघाले ते ब्रॅडीरायझोबियम युआनमिंगेन्स आणि लियाओनिंगेन्स. पाकिटांवर छापलेल्या जॅपोनिकमचं राज्य तिथं दिसलं नाही. म्हणजे आपल्या मातीतले काही जण सोयाबीनला स्वीकारून बसले आहेत. हे नखानं कळलं नसतं, डोकी मोजून कळलं नसतं, आणि बियाण्याला काही न लावता पेरूनही कळलं नसतं. अमेरिकेच्या मध्यभागातही हीच अडचण अनेक वर्षं गाजली. मातीत १२३ नावाच्या गटाचे जिवाणू इतके पक्के बसलेले, की बियाण्याला कितीही चांगला स्ट्रेन लावा, गाठी बहुतेक तेच बांधायचे. पाहुणा उत्तम कामकरी होता, पण दारातून आत येईना. काम करण्याची ताकद आणि जागा मिळवण्याची ताकद हे दोन वेगळे गुण आहेत. कोण आत आलं हे ओळखता येत नसेल तर तुम्ही कशाची निवड करताय?

संशयी : बरं, आलं कोण ते ओळखलं. आता मी वाचलेली एक हकिगत सांगतो आणि तुम्ही मला तिचा अर्थ सांगा. न्यूझीलंडमध्ये ओटागो भागात लोटस नावाचं चाऱ्याचं शेंगवर्गीय पीक लावलं. त्या जमिनीत त्याचा जिवाणू मुळीच नव्हता, म्हणून बियाण्याला एकच स्ट्रेन लावला. सात वर्षांनी गाठी फोडल्या. आत लावलेला स्ट्रेन होता, पण त्याच्याबरोबर भलतेच जिवाणू होते, ज्यांचे ठसे त्याच्याशी जुळत नव्हते. ते बाहेरून आलेले नव्हते. ते त्याच मातीतले, आधी गाठ बांधता न येणारे. लावलेल्या स्ट्रेननं आपल्या डीएनएतला पाच लाख अक्षरांचा तुकडा, गाठ बांधायची आणि नत्र बांधायची सगळी विद्या असलेला, त्यांना देऊन टाकला होता. सुलिव्हन आणि रॉन्सन यांनी १९९५ आणि १९९८ मध्ये हे छापलं. आता माझा प्रश्न. तुमचा पट्ट्यांचा ठसा सांगेल की हा गावातला जुना माणूस, पाकिटाशी याचा संबंध नाही. पण गाठीत तो जे काम करतोय ते पाकिटातून आलेलं आहे. सातबाऱ्यावर एकाचं नाव आणि कसणारा दुसराच, अशी ही गत झाली. मग चाचणीनं ओळखलं काय?

(या जागी दोघांनाही थोडं थांबवून माझं मत नोंदवतो. हा आक्षेप मला या सगळ्या वादातला सगळ्यात खोल वाटतो. चाचणी चुकते असा हा आक्षेप नाही. चाचणीनं अचूक उत्तर दिलं तरी प्रश्न चुकीचा असू शकतो, असा आहे. आणि तरीही, हे देणंघेणं ज्या पुराव्यावर उभं आहे तो पुरावा जनुकीय चाचणीचाच आहे, हेही विसरता येत नाही.)

आग्रही : तुम्ही माझी उडवाउडवी होऊ देत नाही, याबद्दल मला बरं वाटतं. खरं आहे. आपण ‘स्ट्रेन’ म्हणतो तेव्हा मनात वंश असतो: बाप, आजा, पणजा. पण या जिवाणूंत पाठीचा कणा एका वंशाचा आणि कामाची जनुकं दुसरीकडून आलेली, असं होतं. म्हणून मी माझी मागणी दुरुस्त करते. एकच ठसा पुरत नाही. कण्याचा ठसा वेगळा घ्यायचा, गाठ बांधणाऱ्या जनुकांचा वेगळा. दोन्ही शेजारी ठेवले तर कळतं की कोण कुणाचं काम करतंय. यूएसडीए ११० मध्येही हा कामाचा भाग एकत्र, सुमारे ६.८ लाख अक्षरांच्या पट्ट्यात आहे. काही स्ट्रेनकडं हायड्रोजन परत वापरायची जनुकं असतात, त्यामुळं नत्र बांधताना वाया जाणारी ऊर्जा थोडी परत मिळते. काहींकडं ती नसतात. नाव विचारण्यापेक्षा हे विचारणं शहाणपणाचं.

संशयी : जनुक असणं आणि ते चालणं यांत मोठं अंतर आहे. गाठ बांधणारी सगळी जनुकं जागेवर असलेला जिवाणूही पांढरी, निकामी गाठ देतो, वाण त्याला मानवला नाही तर. जमिनीत युरिया जास्त पडला, तर उत्तम स्ट्रेनही गाठी कमी करतो. पाणी साचलं, स्फुरद कमी पडलं, मॉलिब्डेनम, लोह मिळालं नाही, तरी तेच. डीएनए तेवढाच राहतो आणि काम बदलतं. शेवटी मला माझ्या नखाकडंच यावं लागतं.

आग्रही : नखाकडं या, पण नखापाशी थांबू नका. ब्राझीलची गोष्ट मी अर्धीच सांगितली. तिथं आज सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या स्ट्रेनपैकी एक, सेमिया ५०७९, हा कुठून आला? पूर्वी उत्तर अमेरिकेतून आलेल्या जिवाणू खताच्या वंशातला. सेराडो नावाच्या तिथल्या गवताळ प्रदेशाच्या जमिनीत रुळलेला, तिथल्या उन्हाला आणि मातीला टक्कर दिलेला, आणि मग पुन्हा निवडलेला. अमेरिकेत ज्याच्या नावानं शास्त्रज्ञ वैतागले होते त्या १२३ च्याच गटातला. म्हणजे जागा मिळवण्याची ताकद होतीच. निवड करणाऱ्यांनी त्यातून काम करणारा शोधला. हे आपल्याकडं का होऊ नये? कळमनुरी, सेनगाव, औंढा इथल्या शेतांत तीन दशकं सोयाबीन आहे. पाकिटातून आलेले, मातीत रुळलेले, आपसात जनुकं बदललेले किती असतील. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स तुमच्याकडचे हळदवाले कंदकुजीसाठी विश्वासानं नेतात, कारण ते इथं, या मातीत चाललेलं त्यांनी पाहिलं. सोयाबीनचा जिवाणूही इथल्याच गाठीतून निवडावा. पण निवडलेला तोच आहे, पुढच्या वर्षीच्या पाकिटातही तोच आहे, हे सांगायला ठसा लागेल.

संशयी : आता आपण जवळ आलो. तुम्ही पाकीट सोडून मातीकडं आलात. मग पैसा कशावर घालायचा तेही बोलू. दुकानातली पाकिटं तपासायला घालायचा, की शेतांतल्या गाठी? जिल्ह्याला तपासणीसाठी मिळणारा पैसा मर्यादित असतो. मी म्हणेन, आधी प्रत्येकानं शेतात चार तासांची एक पट्टी जिवाणू न लावता पेरावी, शेजारी लावलेली. बाकी वाण, खत, पाणी, तिफण सगळं तेच. काढणीला दोन्हींचं माप घ्यावं. फरक दिसला तर पाकीट कामाचं, नाही दिसला तर नाही. ठशाची गरज नाही.

आग्रही : पट्टी पेराच. पट्टीशिवाय कुठलाही ठसा मी मानणार नाही, हे तुम्ही मला आज शिकवलंत. पण फरक दिसला नाही तर त्याची कारणं किती? पाकीट मेलेलं असेल. जिवंत असेल पण भलतंच असेल. बरोबर असेल पण मातीतल्यांनी त्याला आत येऊ दिलं नसेल. आत आलं असेल पण मातीतले तेवढेच चांगले असतील, म्हणून फरक दिसला नसेल. या चारही गोष्टी काट्यावर एकसारख्याच दिसतात, आणि पुढच्या वर्षी करायचं काय हे प्रत्येकीत वेगळं आहे. पहिलीत दुकान बदला. दुसरीत तक्रार करा. तिसरीत जागा मिळवणारा स्ट्रेन शोधा. चौथीत पाकीट सोडून द्या आणि निवांत राहा. कोणती ते सांगायला गाठीतला ठसा लागतोच.

संशयी : चौथीच खरी निघेल असं माझं मन म्हणतं.

आग्रही : निघू दे. मला पाकीट विकायचं नाही. पण ती तुमच्या शेतात खरी निघाली म्हणून सेनगावच्या माळरानावर खरी निघेल का?

संशयी : त्यानं त्याची पट्टी पेरावी. प्रत्येक जमीन आपलं उत्तर आपण देते. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या शेतात नेण्याची घाई ही शास्त्राची जुनी खोड आहे. वाणांच्या बाबतीत आम्ही ती भोगली आहे.

आग्रही : आणि न नेण्याचा हट्ट धरला, तर प्रत्येक शेतकऱ्याला दरवर्षी शून्यापासून सुरुवात करावी लागेल. वाण वाहून नेता येतं ते त्याला ओळख आहे म्हणून. जिवाणूला तेवढी पक्की ओळख देता येत नाही, हे तुम्ही न्यूझीलंडच्या गोष्टीनं दाखवलंत. पण किती देता येते? कणा आणि कामाची जनुकं मिळून जी ओळख होते, ती हिंगोलीच्या मातीत किती हंगाम टिकते? तीन, की दहा? हे कुणीतरी त्याच शेतात, त्याच पट्टीत, सलग गाठी फोडून बघितल्याशिवाय आपल्या दोघांपैकी कुणीही बरोबर ठरत नाही.

संशयी : तर मग पट्टी माझी, गाठी तुमच्या. पण एक अट आहे. ठशाचा निकाल काहीही येवो, उताऱ्याचं माप आधी लिहायचं, ठसा नंतर उघडायचा.

आग्रही : अट मान्य. माझीही एक आहे. फरक दिसला नाही, तर ‘पाकीट फसवं’ असं लिहायचं नाही, जोवर त्या चारांतलं कोणतं कारण ते आपण सांगू शकत नाही.

संशयी : आणि चारही कारणं थोडी थोडी खरी निघाली तर?